विचारायची लाज वाटते म्हणतेस

प्रिय मुली,

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. फोन केला असता, पण तुझ्या आणि माझ्या ड्यूटीच्या वेळा जुळायच्या नाहीत. शिवाय लिहिलेलं असलं की नाईटला चहा घेताना पुन्हा वाचता येतं. नवीन नर्सला पडतात ते प्रश्न तू बरेच विचारलेस, पण मध्येच एक वाक्य घालून पुढे गेलीस: ‘सिनियर सिस्टरला काही विचारलं की त्या म्हणतात, एवढंही शिकवलं नाही का कॉलेजात? म्हणून आता विचारत नाही.’ मला बाकी सगळ्यापेक्षा याची काळजी वाटली.

सिनियर वसकन अंगावर येते, हे खरं आहे. काहींचा स्वभावच तसा आणि काहींचा तीन माणसांचं काम एकटीनं करून झालेला. पण तिच्या ओरडण्यानं फार तर तुझा बीपी वाढेल. न विचारता दिलेल्या इंजेक्शनानं पेशंटचा पडेल. तेव्हा विचारायचं, फक्त जरा वेगळ्या रीतीनं. ‘हे कसं द्यायचं?’ असा प्रश्न घेऊन जाऊ नकोस, उत्तर घेऊन जा. ‘सिस्टर, केसीएल एक अँप्यूल, शंभर एमएल नॉर्मल सलाइनमध्ये, सेंट्रल लाइनमधून, दोन तासांत. बरोबर?’ तिला फक्त हो किंवा नाही म्हणायचं असतं, आणि ती चालता चालता म्हणते.

केसीएलचं, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचं, उदाहरण मुद्दाम घेतलं. आपल्याकडची १० एमएलची अँप्यूल १५ टक्क्यांची असते, म्हणजे तिच्यात २० एमईक्यू (मिलिइक्विव्हॅलंट) पोटॅशियम. डायल्यूट न करता ते थेट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. साधारणपणे तासाला १० एमईक्यूच्या वर जायचं नाही. त्याहून वेगानं द्यायचं असेल तर सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, हवी, मॉनिटर हवा आणि डॉक्टरांची लेखी ऑर्डर हवी. ट्रेमध्ये ती अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी पडलेली दिसली तर तू कितीही नवीन असलीस तरी उचलून वेगळी ठेव आणि इनचार्जना सांग.

रात्री फोनवरच्या ऑर्डरचं विचारलंस. रेसिडेंट डॉक्टर ऑपरेशन थिएटरात असतो, घाईत दोन औषधं सांगतो आणि फोन ठेवायला निघतो. त्याला ठेवू देऊ नकोस. औषध, डोस, कुठून द्यायचं, हे सगळं त्याला परत म्हणून दाखव आणि ‘हो’ ऐक. मग वेळ आणि त्याचं नाव घालून लिही. तो वॉर्डात आला की पहिली सही त्याची घे, बाकीच्या गप्पा नंतर. डोस ऐकू आला नसेल तर ‘सर, पुन्हा सांगा’ म्हण. तिसऱ्यांदा विचारावं लागलं तरी विचार. चिडला तर चिडू दे, चिडलेला रेसिडेंट सकाळपर्यंत विसरतो.

अरेस्टमध्ये, म्हणजे पेशंटचं हृदय थांबलं की, मात्र तोंडी ऑर्डरीच चालतात, तिथे लिहीत बसायला कोणाला वेळ नसतो. म्हणूनच तिथे एक जण फक्त वेळ बघणारा आणि लिहिणारा लागतो, आणि नवीन सिस्टरनं ते काम मागून घ्यावं. कोपऱ्यात उभं राहण्यापेक्षा ते बरं, शिवाय सगळं दिसतं. ‘अॅड्रिनलिन एक एमजी गेलं, दोन वाजून दहा’ असं मोठ्यानं बोलायचं. तीन ते पाच मिनिटांनी पुढच्या डोसची आठवण करायची. दर दोन मिनिटांनी कॉम्प्रेशन, म्हणजे छातीवर दाब, देणारा बदलायला सांगायचं, कारण दमलेला माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणत राहतो आणि दाब पाच सेंटिमीटरवरून तीनवर आलेला असतो. मिनिटाला १०० ते १२० दाब, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हे तुला पाठ आहे, मला माहीत आहे. पाठ असलेलं गर्दीत मोठ्यानं म्हणता येतं का, ते बघ.

आता ओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना एकीनं दुसरीला पेशंट समजावून ताब्यात देणं. काउंटरवर उभं राहून ‘तीन नंबर सेम, चार नंबर सेम’ अशी ओव्हर कोणी देत असेल तर गोड बोलून तिला बेडपाशी ने. श्वासाची ट्यूब ओठाशी किती सेंटिमीटरवर आहे ते स्वतः वाच. प्रत्येक लाइन पंपापासून पेशंटच्या अंगापर्यंत बोटानं धरून जा. बीपी टिकवणाऱ्या नॉरअॅडची सिरिंज किती उरली आहे आणि चालू रेटनं किती वाजता संपेल ते विचार, आणि पुढची सिरिंज ती संपायच्या आधी भरून ठेव. बदलताना दोन मिनिटांचा खंड पडला तरी बीपी कोसळतं. सक्शन चालू करून बघ. हातानं दाबून श्वास द्यायची अँबू बॅग बेडपाशी आहे का, ऑक्सिजन सिलिंडरची चावी कुठे आहे, हे आधीची सिस्टर निघायच्या आत कळायला हवं. ती म्हणेल, ‘माझी बस जाईल.’ जाऊ दे बाई, दुसरी मिळेल.

चार्टवरच्या एका गोष्टीचा मला राग आहे. कुठल्याही वॉर्डात जा, श्वासाचा दर सगळ्या पेशंटचा वीस. सकाळी वीस, रात्री वीस. मॉनिटर नाडी देतो, सॅच्युरेशन देतो, श्वास मात्र पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत मोजावा लागतो, म्हणून कोणी मोजत नाही. पेशंट बिघडायला लागला की बीपी पडायच्या कितीतरी आधी तो दर वाढतो. तू मोज. अठ्ठावीस आला तर तो अठ्ठावीसच लिही आणि नुसता लिहून थांबू नकोस, डॉक्टरांना सांग. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला तर आधी पेशंटकडे बघ, बटण नंतर. सॅच्युरेशन उतरतंय आणि कारण कळत नाही, तर मशीनशी झटापट करू नकोस. सर्किट काढ, ऑक्सिजन लावलेल्या अँबूनं श्वास दे आणि हाक मार. ट्यूब सरकली, की कफानं बंद झाली, की छातीत हवा धरली, की मशीनच बिघडलं, ते हाकेला आलेल्यांबरोबर शोधता येतं.

पावसाळ्यात कॅज्युअल्टीत साप चावलेले येतील. नाग, घोणस, फुरसे यांचं बहुधा लगेच कळतं. मण्यार फसवते. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो, अंगावर खूण सापडत नाही आणि नातेवाईक म्हणतात, ‘झोप पुरी झाली नाही, डोळे मिटतायत.’ त्या पापण्या झोपेनं मिटत नसतात. अशा पेशंटला अॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन बाकावर बसवलेलं दिसलं तर गप्प राहू नकोस. रक्त वीस मिनिटांत गोठतं का ते बघायची ट्यूब काचेची, कोरडी आणि स्वच्छ हवी, आणि मध्येच हलवून बघायची नाही. एएसव्हीला, म्हणजे सापाच्या विषावरच्या इंजेक्शनाला, टेस्ट डोस लागत नाही, पण ते सुरू करण्याआधी अॅड्रिनलिन भरून हाताशी ठेव. कोकणात बदली झाली तर विंचवाचंही लक्षात ठेव. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, त्याआधी त्या दंशानं पुष्कळ मुलं जात. मूल रडायचं थांबलं, पण हातपाय गार आणि अंग घामानं भिजलेलं, तर ते बरं होत नसतं.

कीटकनाशक प्यायलेला पेशंट आला तर ग्लोव्ह्ज घालून आधी कपडे काढ आणि अंग धू. बाटली किंवा तिचं लेबल आणायला कोणाला तरी घरी पाठव. उतारा म्हणून अॅट्रोपिन चालू असताना सगळे टॉर्च घेऊन बाहुल्या बघतात. तू छाती ऐक, ती कोरडी झाली का ते महत्त्वाचं. आणि ‘कशाला प्यायलीस गं?’ हा प्रश्न आपला नाही. एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांत नोंद होणाऱ्या केसच्या, कागदावरही जे पाहिलं आणि जे त्यांनी सांगितलं तेवढंच लिहायचं, आपला तर्क नाही. पेशंट गेला आणि केस एमएलसी असेल तर ट्यूबा, कॅथेटर काढायचे नाहीत, पोस्टमॉर्टेमपर्यंत तसेच राहू द्यायचे. मंगळसूत्र, कानातलं काढून देताना यादी कर, नातेवाइकाची सही घे, साक्षीदाराची घे. एवढ्याशा कागदानं मोठे तंटे वाचतात.

नातेवाइकांना ‘डॉक्टर येतील’ हे सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. ‘सीटीचा रिपोर्ट यायला तासभर लागेल, आला की मी स्वतः बोलावते’ असं सांग, आणि तासानं रिपोर्ट आला नसला तरी बाहेर जाऊन ‘अजून आला नाही’ म्हण. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. उरलेल्यांसाठी महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे: हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. पण कायदा दुसऱ्या दिवशी कामाला येतो. जमाव चढल्यावर दार आपल्या बाजूला राहील अशी उभी राहा आणि सिक्युरिटीला आवाज चढायच्या आधी बोलाव.

‘पेशंटचं तोंड पुसणं, बाजू बदलणं हे मावशींकडून का करून घेऊ नये?’ हे विचारलंस ते बरं केलंस. मावशींची मदत घे, पण बाजू बदलताना पाठ, माकडहाड आणि टाचा तुझ्याच डोळ्यांनी बघ. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या अरुणा शानबाग स्वतः स्टाफ नर्स होत्या. १९७३ च्या नोव्हेंबरात ड्यूटी संपवून कपडे बदलायला गेल्या असताना त्यांच्यावर हल्ला झाला, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या आणि २०१५ च्या मे महिन्यात गेल्या. मधली चाळीसहून जास्त वर्षं तिथल्या सिस्टरांच्या कित्येक बॅचनी त्यांना सांभाळलं, बेडसोर होऊ दिला नाही. इंजेक्शनं त्यांना कोणीही दिली असती. आणि त्याच गोष्टीवरून दुसरं सांगते: रात्री चेंजिंग रूमला एकटी जाऊ नकोस. तिथला दिवा बंद असेल तर रिपोर्ट बुकात लिही, रोज लिही.

स्टाफ कमी असला तरी तेच. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमागे एक सिस्टर हा निकष कागदावर आहे, आणि तुझ्या वाट्याला तीन पेशंट येणार आहेत. घे, दुसरा मार्ग नाही. पण ड्यूटीच्या सुरुवातीलाच इनचार्जना सांग आणि पेशंट किती, सिस्टर किती हे वेळ घालून बुकात लिही. सकाळी काही बिनसलं आणि मग लिहिलं, तर ती सबब वाटते.

शेवटचा प्रश्न तू कंसात टाकलास: ‘परवा सुई टोचली, छोटीशीच होती, कोणाला सांगितलं नाही.’ हा प्रश्न कंसातला नाही. टोचल्याबरोबर साबण-पाण्यानं धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, आणि लगेच कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसरला सांगायचं. एचआयव्हीची लागण टाळायचं औषध, पीईपी, दोन तासांच्या आत सुरू झालेलं चांगलं, आणि ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. परवा म्हणजे तुझे तास अजून शिल्लक असतील. पत्र इथेच ठेव आणि खाली जा. रागावतील, कोणाच्या ट्रेवरची सुई म्हणून चौकशी होईल, होऊ दे. तुझं रक्त तपासतील, तो पेशंट कोण हे कळत असेल तर त्याचंही. हिपॅटायटिस बीचे तीन डोस झाले म्हणालीस, पण टायटर, म्हणजे लशीनं रक्तात किती संरक्षण आलं त्याची तपासणी, केलेलं नाहीस. तेही याच वेळी करून घे, १० च्या वर हवं. आणि मला आज रात्रीच कळव, कितीही वाजले तरी.

तुझी,
ताई