शिबिरातील छापील सही म्हणजे एचआयव्ही चाचणीची संमती नव्हे

प्रश्न : महापे एमआयडीसीतील एका कंपनीत मी पॅकिंग विभागात कायम कामगार आहे. कंपनीच्या आरोग्य शिबिरात रांगेत उभ्या उभ्याच ‘आवश्यक त्या सर्व तपासण्यांस संमती’ असे छापलेल्या कागदावर सही घेतली गेली. नंतर एचआर अधिकाऱ्यांनी माझा एचआयव्ही अहवाल पॉझिटिव्ह असल्याचे सांगून राजीनामा मागितला. सही केल्यामुळे माझी बाजू लंगडी पडते का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : नाही. मात्र राजीनामा मुळीच लिहून देऊ नका; ‘स्वखुशीने’ नोकरी सोडल्याचा कागद एकदा त्यांच्या हाती गेला, की तो दबावाखाली दिला हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो.

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, 2017 हा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असून, त्याच्या कलम 5 नुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही आणि चाचणीपूर्वीचे व नंतरचे समुपदेशन हा त्या संमतीचाच भाग आहे. आपल्या कागदावर एचआयव्हीचा उल्लेखही नव्हता आणि आपल्याशी कोणी समुपदेशक बोलला नाही, तर त्या सहीला संमती म्हणता येणार नाही. अहवाल आपल्या लेखी परवानगीशिवाय एचआरकडे पोहोचला असेल, तर तो कलम 8 खालील गोपनीयतेचा स्वतंत्र भंग ठरतो, आणि माझ्या मते आपल्या बाबतीत सर्वांत गंभीर अन्याय हाच आहे.

या आजाराच्या कारणावरून कामावरून काढणे हा कलम 3 प्रमाणे भेदभाव आहे. संसर्गाचा लक्षणीय धोका किंवा कामास असमर्थता दाखवणारा स्वतंत्र, सक्षम डॉक्टरांचा लेखी अभिप्राय आणि सोयीस्कर काम देण्यातील अडचणींचे मालकाचे लेखी निवेदन या दोहोंच्या प्रती आपल्याला दिल्याशिवाय तसे करता येत नाही. खोकी भरण्याच्या कामातून एचआयव्ही पसरत नाही.

शिबिरातील एका अहवालावर विसंबूही नका. वाशीच्या महापालिका रुग्णालयातील आयसीटीसीत (एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात) समुपदेशनासह मोफत, गोपनीय चाचणी करून घ्या. 1097 ही हेल्पलाइनही मोफत आहे.

कंपनीत शंभर किंवा अधिक माणसे असतील, तर तेथे तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. त्यांच्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. त्याने काम न झाल्यास याच कायद्याखाली राज्याने नेमलेल्या लोकपालांकडे (ओम्बुड्समन) विनाविलंब जा. त्यांनी 30 दिवसांत आदेश देणे अपेक्षित असून, तो न पाळणाऱ्यास 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रकरण न्यायालयात गेलेच, तर कलम 34 खाली आपले नाव गुप्त ठेवून टोपणनावाने कामकाज चालवण्याची विनंती करता येते.