मे महिन्यात बॅगा मागे का राहतात? आणि विमानतळाविषयी आणखी काही प्रश्न

गेल्या अंकात विमानतळाविषयी प्रश्न मागवले होते. पत्रं आली ती बहुतेक संभाजीनगर, जालना आणि नांदेडहून. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर एका विमान कंपनीच्या ग्राउंड स्टाफमध्ये माझी सगळी नोकरी झाली, त्यातली बरीच वर्षं लोडशीट, म्हणजे विमानातल्या वजनाच्या हिशेबाचा कागद, भरण्यात. त्यामुळे विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. काही उत्तरं लांबली आहेत, ती मुद्दाम.

प्रश्न : ताई, मे महिन्यात मुलीकडे दिल्लीला गेलो. आमच्या दोन बॅगा दुसऱ्या दिवशी आल्या. काउंटरवर "वजन जास्त झालं" एवढंच सांगितलं. आमच्या बॅगा तर 15 किलोच्या आतच होत्या! मग असं का? – एक वाचक, जालना

तुमच्या बॅगांचं वजन बरोबरच होतं. जास्त झालं ते विमानाचं, आणि तेही उन्हामुळे. काउंटरवर हे नीट समजावून सांगायला हवं होतं, तुमची तक्रार रास्त आहे.

हवा तापली की विरळ होते. मग पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनांचा जोरही घटतो. चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून 1,911 फूट उंचीवर आहे. या उंचीला हिशेबात धरलेलं प्रमाण तापमान साधारण 11 अंश सेल्सियस. मे महिन्यात दुपारी पारा 42 वर गेला, तर ते 31 अंशांनी जास्त झालं. दर जादा अंशामागे धावपट्टीच्या उंचीत सुमारे 120 फूट वाढवायचे, असा आमचा तोंडी हिशेब असे, कारण तापलेली हवा तेवढ्या उंचीवरच्या हवेसारखी विरळ असते. करून बघा, 5,600 फुटांच्या घरात जातं. कळसूबाईचं शिखर 5,400 फुटांचं आहे. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी विमान महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच माथ्याच्याही वरून उडणार आहे, असं धरून वजन ठरवावं लागतं.

लोडशीट भरायला बसलं की आधी टॉवरकडून तापमान, वारा आणि हवेचा दाब घ्यायचा. तक्त्यात बोट फिरवून त्या घडीला जास्तीत जास्त किती वजन घेऊन उडता येईल ते काढायचं. त्यातून रिकाम्या विमानाचं वजन आणि इंधन वजा केलं की उरतं ते प्रवासी, बॅगा आणि माल यांच्या वाट्याचं. मोठ्या माणसाचं वजन 75 किलो धरायचं, मुलाचं 35 आणि तान्ह्याचं 10. समजा बेरीज 900 किलोंनी पुढे गेली, तर 15 किलोंच्या 60 बॅगा खाली उतरवाव्या लागतात. आधी माल उतरतो, मग बॅगा आणि अगदीच नाइलाज झाला तर माणसं. इंधनाला हात लावता येत नाही, कारण मुक्कामी विमानतळावर उतरता आलं नाही तर दुसरीकडे जाण्यापुरतं ते लागतंच.

उन्हाळ्यात शक्यतो सकाळचं विमान घ्या. औषधं, चार्जर आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडायच्या आत कंपनीच्या काउंटरवर पीआयआर नावाचा, म्हणजे बॅग न मिळाल्याच्या नोंदीचा, फॉर्म भरून त्याची प्रत घ्या. एकदा बाहेर पडलं की दाद मागणं अवघड होतं.

जालन्याच्याच आणखी एका वाचकाने केसर आंबा विमानाने पाठवण्याविषयी विचारलं आहे. त्यांनाही हाच हिशेब लागू आहे. मराठवाड्याच्या केसरला भौगोलिक मानांकन आहे, मागणीही आहे. पण आंबा निघतो मे-जूनमध्ये, नेमका विमानाच्या पोटात जागा सगळ्यात कमी असते तेव्हा, आणि माल तर सगळ्यात आधी खाली उतरतो. पाठवायचाच असेल तर पहाटेच्या किंवा रात्रीच्या विमानासाठी बुकिंग करा. दुपारच्या विमानाच्या भरवशावर आंबा सोडू नका.

प्रश्न : मी अकरावीत आहे. बाबा सांगतात की पूर्वी इथे विमान ट्रकला धडकलं होतं. हे खरं आहे का? विमान ट्रकला कसं धडकेल? – एक विद्यार्थिनी, सिडको

खरं आहे. तू विचारलंस ते फार बरं झालं, कारण शहरातल्या नव्या पिढीला हे ठाऊकच नाही.

26 एप्रिल 1993. इंडियन एअरलाइन्सचं 491 क्रमांकाचं बोइंग 737 दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत इथे आलं होतं आणि पुढे मुंबईला निघालं होतं. विमानात 118 माणसं होती. तेव्हा धावपट्टी जेमतेम 6,000 फुटांची होती आणि तिच्या टोकापलीकडून वाहता रस्ता होता. विमानाने जमीन सोडली ती अगदी शेवटाला. त्याच वेळी रस्त्यावरून कापसाच्या गाठींनी लादलेला ट्रक चालला होता. विमान त्याला धडकलं, तसंच पुढे गेलं, मग विजेच्या उच्चदाबाच्या तारांना लागलं आणि कोसळलं. 55 जण गेले, 63 वाचले.

चौकशीत दोन कारणं पुढे आली. एक, वैमानिकांनी नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकली. दुसरं, विमानांच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्याची व्यवस्था तेव्हाच्या नॅशनल एअरपोर्ट्स अथॉरिटीने केली नाही. ही संस्था पुढे 1995 मध्ये आजच्या विमानतळ प्राधिकरणात विलीन झाली.

आता तुझा "कसं धडकेल" हा प्रश्न. धावपट्टी जिथे संपते तिथे विमान फारसं उंच नसतं. म्हणून पट्टीच्या टोकापुढची जागा मोकळी लागते. एका ठरावीक कोनाच्या वर काहीही डोकावता कामा नये, मग तो ट्रक असो, झाड असो की मोबाइलचा टॉवर. शिवाय टोकापुढे सपाट सुरक्षापट्टा ठेवावा लागतो. आंतरराष्ट्रीय नियमाने तो किमान 90 मीटर हवा आणि शिफारस 240 मीटरची आहे. विमानतळाशेजारी घर बांधताना उंचीचा दाखला लागतो तो याचसाठी. तो दाखला म्हणजे निव्वळ कागदी छळ आहे असं कोणी म्हणालं, तर त्यांना 1993 ची ही हकीकत सांग.

प्रश्न : आमची जमीन धावपट्टीच्या वाढीव हद्दीत येते. तीन पिढ्यांची शेती आहे. पट्टी वाढली की मोठी विमानं येतील, विकास होईल असं सगळे म्हणतात. खरंच येतील का? – एक शेतकरी, मुर्तिजापूर शिवार

दादा, तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही.

आजची धावपट्टी 9,300 फुटांची आहे, ती 12,000 फुटांची करायची असा जुना प्रस्ताव आहे. मुंबई, दिल्ली, हैदराबादला जाणाऱ्या 180 आसनांच्या एअरबससाठी आजची लांबी पुरते. कडक उन्हात थोडं वजन कमी करावं लागतं, ते वर सांगितलंच आहे. लांब पट्टी लागते ती रुंद पोटाच्या विमानांना आणि भरल्या टाकीने थेट परदेशी जायचं असेल तेव्हा. हज यात्रेची विमानं चिकलठाण्यावरून उडालेली आहेत, इमिग्रेशन आणि कस्टम्सची सोय करता येते हेही तेव्हा दिसलं. शेंद्रा-बिडकीनमधले कारखाने वाढतील तशी मालवाहू विमानांची गरज लागेल. म्हणून वाढीव पट्टीला माझा विरोध नाही. पंचवीस-तीस वर्षांपुढचं पाहिलं तर जागा आजच राखायला हवी, कारण चारी बाजूंनी शहर अंगावर येतंय.

पण पट्टी झाली की दुसऱ्या दिवशी विमानं रांगेत उभी राहतील, असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. आजची आपली अडचण पट्टीची कमी आणि वेळापत्रकाची जास्त आहे. त्यामुळे विमानं येणार या आशेवर कमी भाव मान्य करू नका. मोबदला, पर्यायी जागा, विहीर आणि झाडांची नोंद आधी लेखी घ्या, मोजणीच्या वेळी स्वतः बांधावर हजर राहा आणि मगच सही करा. तुमची पिढीजात जमीन जाणार आहे, तिचा पुरता दाम मिळणं हा तुमचा हक्क आहे.

प्रश्न : मुकुंदवाडीत राहतो. काही दिवस विमानं घरावरून उतरतात, काही दिवस उलट चढताना जातात आणि आवाज दुप्पट होतो. असं कोण ठरवतं? – एक वाचक

वारा ठरवतो. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरं जाऊन उतरतं आणि उडतं. आपली पट्टी पूर्व-पश्चिम आहे, तुम्ही पश्चिमेला आहात. पश्चिमेचा वारा असला की उड्डाणं तुमच्या बाजूने, पूर्वेचा असला की उतरणारी विमानं तुमच्या डोक्यावरून.

प्रश्न : वाळूजला लहान कारखाना आहे. सकाळी जाऊन रात्री परत येता येईल असं विमान आपल्याकडे का टिकत नाही? आम्ही संघटनेतर्फे दर दिवाळीत निवेदन देतो. – एक उद्योजक

या पत्राची मी वाट पाहत होते!

सकाळी सहा-सातला इथून विमान निघायचं तर ते आदल्या रात्री इथे यायला हवं. आपल्याकडे खेड्यात मुक्कामी एसटी असते ना, तसं मुक्कामी विमान लागतं. रात्री उशिरा आणि पहाटे विमानतळ उघडा हवा, उभं करायला जागा हवी, वैमानिक आणि हवाई सेविकांची राहण्याची सोय हवी आणि सकाळी तपासून सही करणारा इंजिनिअर हवा. हा सगळा खर्च कंपनी तेव्हाच करते, जेव्हा रात्री येणारं आणि पहाटे जाणारं अशी दोन्ही विमानं भरतात.

दुसरी अडचण पलीकडच्या टोकाला आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते. सकाळ-संध्याकाळच्या वेळा म्हणजे स्लॉट तिथे सोन्याच्या भावाचे. ज्या स्लॉटवर कंपनी 180 आसनांचं विमान दूरच्या महानगराला पाठवू शकते, तो ती आपल्याला का देईल? म्हणून आपल्या वाट्याला अडनिड्या वेळा येतात. अडनिडी वेळ म्हणून कारखानदार गाडीने किंवा रेल्वेने जातो, विमान रिकामं जातं आणि "मागणीच नाही" म्हणून बंद होतं. वर्षानुवर्षं हेच पाहिलं, आणि दर वेळी जीव तुटतो. मागणी होती, ती विमानाच्या वेळेला नव्हती.

आता तुमच्या निवेदनाविषयी. वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात. उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारी लागतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. पण स्लॉटची मागणी त्याच्या पाच-सहा महिने आधी जाते. दिवाळीत दिलेलं निवेदन हिवाळ्यासाठी उशिराचं आणि उन्हाळ्यासाठीही काठावरचं. हिवाळी वेळ हवी तर एप्रिलच्या आतच कंपनीच्या नेटवर्क विभागाच्या टेबलावर कागद पाहिजे, मंत्र्यांच्या स्वीय सहायकाकडे नव्हे. आणि त्या कागदात "विकासासाठी विमान हवं" असं लिहू नका. सभासद कारखान्यांतून दर महिन्याला किती माणसं, कोणत्या वारी, कुठे जातात, परत कधी येतात आणि आज ती पुण्याहून की मुंबईहून उडतात, हे भरा. 40 कारखान्यांनी प्रवासखात्यातून एवढं काढून दिलं तरी कंपनीला बसून विचार करावा लागेल. नवी मुंबईचा विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झाला आहे, तिथल्या सकाळच्या वेळा इतर शहरं मागून घेण्याच्या आत आपण मागायला हव्यात.

नव्या शहरांची यादीही आवरा. दर निवेदनात आठ-दहा शहरं असतात. मी तुमच्या जागी असते तर एकच मागितलं असतं : रोज सकाळी जाणारं आणि रोज रात्री परतणारं.

प्रश्न : नांदेडला विमान सुरू होतं, बंद पडतं. हार-तुरे होतात, फोटो निघतात आणि मग पुन्हा देवगिरी एक्सप्रेस. यावेळचं टिकेल हे कशावरून ओळखायचं? – एक शिक्षिका, नांदेड

लहान शहरं परवडणाऱ्या भाड्यात विमानाने जोडणारी केंद्र सरकारची योजना म्हणजे उडान. तिचा पहिला मान तुमच्या गावाच्या वाट्याला आला होता. 27 एप्रिल 2017 ला पंतप्रधानांनी सिमल्याहून ही योजना सुरू केली, तेव्हा नांदेड-हैदराबाद विमानालाही तिथूनच झेंडा दाखवला. ट्रूजेट कंपनीची एटीआर, म्हणजे पंख्यांची लहान विमानं होती ती. पुढे 2022 मध्ये कंपनीच थांबली. मग 31 मार्च 2024 पासून स्टार एअरने बंगळुरू, दिल्लीजवळचं हिंडन आणि जालंधरजवळचं आदमपूर जोडलं.

उडानचं गणित असं आहे. विमानातल्या निम्म्या जागा ठरलेल्या कमाल भाड्यात विकायच्या. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला ते 2,500 रुपये होतं. त्यात येणारी तूट सरकार भरून देतं, त्यातला पाचवा हिस्सा राज्याचा. त्या मार्गावर कंपनीला मक्तेदारीही मिळते. पण हे सगळं तीन वर्षांपुरतं. चौथ्या वर्षी तिकिटाच्या पैशावर विमान चालावं लागतं.

म्हणून तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिली, विमान रोज आहे का. आठवड्यातून तीन दिवसांच्या विमानावर दवाखान्याची तारीख किंवा मुलाची परीक्षा बेतता येत नाही. दुसरी, दोन्हीकडून माणसं आहेत का. सचखंड हुजूर साहिबला पंजाबातून येणारी संगत हे नांदेडचं मोठं बळ आहे, मराठवाड्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावाला असं बारमाही बळ नाही. त्यांच्यासोबत नांदेड, परभणी, हिंगोलीचा माणूस बसला की विमान दोन्ही फेऱ्यांत भरतं. तिसरी, अंतर. नांदेड-हैदराबाद रस्त्याने पाच-सहा तासांत होतं, तिथे विमानाला माणूस मिळवणं कठीण. दिल्ली, अमृतसर, बंगळुरूला रेल्वेत दिवस-रात्र जाते, तिथे वाचलेला वेळ लोकांना पटतो.

तुमच्या शाळेतून सहल किंवा शिक्षकांचा गट दिल्लीला जाणार असेल, तर परतीचं तिकीट नांदेडचंच काढा. पुष्कळ जण जाताना नांदेडहून जातात आणि येताना स्वस्त पडतं म्हणून हैदराबादला उतरतात. कंपनीच्या तक्त्यात ते परतीचं आसन रिकामं दिसतं.