डिव्हाइस आयडीची शीट सांभाळायची: हे करिअर की कारकुनी?

प्रश्न : मी मूळची सांगलीची. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स झालंय. पुण्यात किराणा घरपोच देणाऱ्या ॲपच्या छोट्या कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप करते आहे. माझ्याकडे एक एक्सेल शीट आहे. टेस्टिंगच्या फोनचे आयडी त्यात भरायचे आणि मार्केटिंगवाले मागतील ते ग्राहकांचे आयडी काढून द्यायचे, हे माझं काम. परवा सांगण्यात आलं, सगळ्या ग्राहकांचे आयडी हॅश करून जाहिरात कंपनीला पाठव; हॅश केलं की प्रायव्हसीचा प्रश्नच उरत नाही. हे खरं आहे का? बाबा म्हणतात, आकडे भरण्यात काय भविष्य आहे, गावी ये आणि एमपीएससीची तयारी कर. मला काहीच सुचत नाही.

उत्तर : आधी परवाच्या कामाचं बघू, कारण ते तुझ्यासमोर आज आहे. करिअरचा निर्णय आठ दिवस थांबला तरी चालेल.

हॅश करणं म्हणजे आयडीवर ठरलेली गणिती प्रक्रिया करून त्याच्या जागी अक्षर-आकड्यांची वेगळीच ओळ तयार करणं; आयडी तोच असेल तर ओळही तीच निघते. असं हॅश केलं की प्रश्न उरत नाही, हे खरं नाही. साधा विचार कर. तू पाठवलेली यादी जाहिरात कंपनीला कशाला हवी आहे? तिच्याकडच्या यादीशी जुळवायला. ती स्वतःकडचे आयडी त्याच पद्धतीने हॅश करते आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवते. जुळला की तोच माणूस सापडला. सापडणारच नसता तर तुझ्याकडे यादी मागितलीच नसती. अमेरिकेतल्या ग्राहकहित जपणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने जुलै २०२४ मध्ये हेच स्पष्ट शब्दांत सांगितलं : हॅश केल्याने माहिती निनावी होत नाही.

आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा कायमचा ओळख क्रमांक, याच्या बाबतीत तर हॅशचा आडोसा फारच तकलादू आहे. फोनवर *#०६# दाबून बघ. पंधरा आकडे दिसतील. पहिले आठ फोनचं मॉडेल सांगतात, पुढचे सहा त्या फोनचा अनुक्रमांक, आणि शेवटचा आकडा आधीच्या चौदांवरून गणिताने निघतो. म्हणजे ते पहिले आठ आकडे माहीत असतील तर शक्यता उरतात फक्त दहा लाख. दहा लाख हॅश तुझा साधा लॅपटॉप काही सेकंदांत काढून देईल आणि मूळ आकडा हाती येईल. जाहिरात आयडी, म्हणजे फक्त जाहिरातींसाठी फोनला दिलेली बदलता येणारी ओळख, लांबलचक आणि यादृच्छिक असतो, तो असा ओळखता येत नाही. पण याद्या जुळवण्याचा मुद्दा त्यालाही तसाच लागू आहे.

म्हणून यादी पाठवण्याआधी तुझ्या वरिष्ठांना एक छोटा ईमेल कर. तोंडी बोलू नकोस, वादही घालू नकोस. एवढंच लिही : ‘ज्या ग्राहकांनी ट्रॅकिंगला नकार दिला आहे त्यांचे आयडी गाळून यादी करते. संमतीची नोंद कुठल्या कॉलममध्ये आहे ते कळवावं. ही यादी कोणाकडे, कशासाठी आणि किती दिवसांसाठी जाणार आहे तेही कळवावं.’ संमतीचा कॉलमच नाही असं उत्तर आलं, तर यादी पाठवायची नाही. ॲपलच्या नियमात जाहिरात आयडींची अशी यादी जाहिरात नेटवर्कला देणं हे ट्रॅकिंगचं उदाहरण म्हणूनच दिलेलं आहे आणि त्यासाठी वापरणाऱ्याची परवानगी लागते. ती न घेता दिली तर ॲप स्टोअरवरून ॲप खाली उतरू शकतं. छोट्या कंपनीला ते परवडणार नाही, हे तुझ्या वरिष्ठांना लगेच पटेल.

आणखी एक बघून घे. शीटमध्ये ग्राहकाचा मोबाइल नंबर, आयएमईआय आणि जाहिरात आयडी असे तीन कॉलम शेजारी शेजारी आहेत का? असतील तर मोठी गडबड आहे. जाहिरात आयडी बदलता येतो, पुसता येतो, हाच त्याचा उपयोग. तो आयएमईआयसारख्या कायमच्या आकड्याला बांधला की माणसाने तो शंभरदा बदलला तरी सुटका नाही. म्हणून जाहिरातीसाठी अशी जोडणी करायला गूगल प्लेच्या धोरणात मनाई आहे.

आता बाबांच्या शंकेकडे येते. ती अर्धी बरोबर आहे. निव्वळ आकडे भरण्यात भविष्य नाही. ते काम उद्या एखादी स्क्रिप्ट करेल. पण तुझ्या हातात जी शीट आहे, तिच्यातल्या प्रत्येक कॉलममागे दहा-बारा वर्षांची ओढाताण आहे, आणि ती समजणारी माणसं फार कमी भेटतात. माझ्याकडे येणारी कॉम्प्युटरची मुलं कोडिंगबद्दल तासभर बोलतात, पण ॲपने फोनमधली नेमकी कोणती ओळख घ्यायची, असं विचारलं की गप्प होतात.

पूर्वी ॲप सरळ आयफोनचा यूडीआयडी उचलायचे. तो त्या यंत्राचा कायमचा आकडा. मालकाला बदलता येत नाही. मे २०१३ पासून ॲपलने तो वाचणारी ॲप घेणंच बंद केलं. त्याच्या जागी आयडीएफए हा जाहिरातीपुरता आयडी आधीच, २०१२ मध्ये, आला होता. अँड्रॉइडवर गूगलने असाच जाहिरात आयडी आणला. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ‘अँड्रॉइड आयडी’ प्रत्येक कंपनीच्या ॲपला वेगळा दिसू लागला आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० ने साध्या ॲपला आयएमईआय वाचणंच बंद केलं. मग एप्रिल २०२१ मध्ये आयफोनवर ती चौकट आली : या ॲपला तुम्हाला ट्रॅक करू द्यायचं का? लोकांनी ‘नको’ म्हटलं की ॲपला मिळतात नुसती शून्यं.

तुझ्या शीटमध्ये ती दिसतील. आठ शून्यं, डॅश, चार शून्यं, डॅश, अशी बत्तीस. जाहिरात आयडीच्या कॉलमवर पिव्होट (एक्सेलमधला गोषवाऱ्याचा तक्ता) लावून बघ. त्या एकाच ‘ग्राहका’च्या नावावर ढीगभर ऑर्डरी निघतील. ओळख द्यायला नकार देणाऱ्या सगळ्यांचा तोच आकडा असतो. नवशिके त्याला एकच माणूस धरतात आणि महिन्याचा अहवाल चुकतो. ही चूक तू पकडून दाखवलीस, तर तुझ्याकडे शीट भरणारी मुलगी म्हणून कोणी बघणार नाही.

टेस्टिंगच्या बाजूलाही समज लागते. यूडीआयडी तिथे आजही वैध कारणाने वापरतात : स्टोअरवर न गेलेलं ॲप ठरावीक आयफोनवर चालवायचं तर त्या फोनचा यूडीआयडी ॲपलकडे नोंदवावा लागतो. वर्षाला शंभर आयफोन, आणि यादीतून काढलेल्या फोनची जागा वर्षाच्या नूतनीकरणापर्यंत मोकळी होत नाही. म्हणून ऑफिसातल्या प्रत्येकाचा खासगी फोन हौसेने नोंदवायचा नसतो. नोंदवला असेल तर तो माणूस नोकरी सोडून गेल्यावर त्याचा आयडी शीटमधून काढ. तीही त्याची वैयक्तिक माहितीच आहे. टेस्टिंगची शीट आणि ग्राहकांची शीट वेगळी ठेव, दोन्हींचे पासवर्ड वेगळे, बघणारी माणसं वेगळी.

एका गोष्टीत मात्र कोणाचंही ऐकू नकोस. नवा ग्राहक असल्यासारखं टेस्टिंग करायचं तर अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन जाहिरात आयडी बदलता येतो. त्याऐवजी कोणी ‘आयएमईआय बदलणारं ॲप टाक’ म्हणालं तर साफ नाही म्हण. दूरसंचार कायदा २०२३ नुसार आयएमईआयमध्ये फेरफार केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. इंटर्न असल्याने सूट मिळत नाही.

या कामाला मागणी का वाढेल, तेही सांगते. आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार आहेत. दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये. परवानगीची चौकट सगळ्या जगाला दाखवायला लावणाऱ्या ॲपललासुद्धा फ्रान्सच्या नियामक संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये ऐंशी लाख युरोंचा दंड केला, कारण स्वतःच्या ॲप स्टोअरच्या जाहिरातींसाठी कंपनीने संमती न घेता फोनमधले आयडी वाचले होते. आपल्याकडच्या कंपन्यांना हे सगळं तपासणारी माणसं लागणार आहेत, आणि त्यासाठी वकील असावंच लागतं असं नाही.

तू काय शिकावंस? आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, पक्कं. मग एडीबी, म्हणजे कॉम्प्युटरवरून अँड्रॉइड फोन तपासायचं साधन, आणि फोन व सर्व्हर यांच्या मधे प्रॉक्सी (मधली सगळी देवाणघेवाण दाखवणारा टप्पा) लावून ॲप नेमकं काय बाहेर पाठवतंय ते वाचणं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टेस्टिंगच्या फोनवर ट्रॅकिंग नाकार, ॲप उघड, आणि त्यानंतरही कुठला आयडी बाहेर जातोय का ते प्रॉक्सीत शोध. सापडला तर त्याचा स्क्रीनशॉट, वेळ आणि तो ज्या सर्व्हरकडे गेला त्याचा पत्ता नोंदवून ठेव. अशा पाच नोंदी नीट लिहिता येणाऱ्या मुलीला मुलाखतीत काय बोलावं हा प्रश्न पडत नाही. प्रमाणपत्रच हवं असेल तर टेस्टिंगसाठी आयएसटीक्यूबीची फाउंडेशन परीक्षा दे. पुढे प्रायव्हसीकडे वळायचं ठरलं तर डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडियाचं डीसीपीपी हे प्रायव्हसीचं प्रमाणपत्र आहे. महागडे क्लास आत्ता लावू नकोस.

एमपीएससीबद्दल : तुला मनापासून प्रशासनात जायचं असेल तर जरूर जा. पण एक इंटर्नशिप गोंधळाची वाटली म्हणून जाऊ नकोस. बाबांकडून इंटर्नशिप संपेपर्यंतचा वेळ माग, आणि त्या वेळात काय करणार हे त्यांना कागदावर लिहून दे.

आणि एक काम याच रविवारी कर. नव्या कायद्यानुसार संमती मागताना ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागणार आहे. त्यात मराठी आहे. तुमच्या ॲपची ती सूचना मराठीत लिहून बघ : तुमच्या फोनचा कोणता आयडी आम्ही घेतो, कशासाठी घेतो, कोणाला देतो, आणि नको असेल तर कुठे दाबायचं. सहा-सात ओळींत बसव. मग सांगलीला फोन करून ती बाबांना वाचून दाखव. ज्या ओळीवर ते ‘म्हणजे काय गं?’ विचारतील, ती ओळ पुन्हा लिही. ते एकदाही न थांबता शेवटपर्यंत ऐकतील तेव्हा ती सूचना तुझ्या वरिष्ठांना पाठव, आणि एक प्रत मलाही.