रोजच्या जगण्यात देवाचं ज्ञान मागायचं म्हणजे नक्की काय करायचं?

तुम्ही विचारलंय की प्रार्थनेत रोज ज्ञान मागतो, पण उत्तर ऐकू येत नाही; मग देव बोलतोय हे ओळखायचं कसं?

मीही बरीच वर्षं उत्तराचीच वाट पाहत होते. नोकरी बदलावी की नाही हे ठरेना, तेव्हा डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट ठेवलं. बोट पडलं वंशावळीवर. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा. (हसू आलं, तरी दुसऱ्यांदा उघडून पाहिलंच.) ३८६ साली मिलानमध्ये संत ऑगस्टीन यांनी पौलाच्या पत्रांची पोथी अशीच उघडली आणि रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायातल्या वचनानं त्यांचं आयुष्य पालटलं, हे खरं. पण त्यामागे कित्येक वर्षांची तळमळ होती, आईच्या प्रार्थना होत्या. माझ्यामागे निव्वळ विचार करण्याचा आळस होता.

गिदोनानं रात्रभर लोकर अंगणात ठेवून देवाकडे दवाची खूण मागितली, ते उदाहरणही लोक हमखास देतात. बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाचा ६वा अध्याय नीट वाचा. काय करायचं ते देवानं त्याला आधीच सांगितलं होतं. लोकर त्याच्या भित्रेपणापायी आली, आणि देवानं ते सांभाळून घेतलं.

मला खरी वाट सापडली ती १ राजे या पुस्तकाच्या ३ऱ्या अध्यायात. गिबोन गावी देव शलमोन राजाला स्वप्नात विचारतो, तुला काय देऊ? त्यानं जे मागितलं त्याला मूळ हिब्रूत शब्दशः ‘ऐकणारं हृदय’ म्हटलंय. एकाही खटल्याचा निकाल त्यानं मागितला नाही. पुढे त्याच अध्यायात एका बाळासाठी भांडणाऱ्या दोन बायका येतात, तेव्हा आकाशवाणी वगैरे काही होत नाही. तो दोघींचं ऐकून घेतो आणि खरी आई कोण हे आपल्या अकलेनं ताडतो. ती अक्कलच तर देवानं दिलेली होती! निर्गम ३१ मध्ये निवासमंडपाचं, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूचं, काम करणाऱ्या बसालेलाच्या हातातल्या कसबालाही हिब्रूत ज्ञानाचाच शब्द आहे, होखमा. कसब हाताला वळण लागूनच येतं. तेव्हापासून मी ‘काय करू ते सांग’ म्हणायचं सोडलं आणि ‘मला नीट ऐकू येऊ दे’ एवढंच मागायला लागले.

बायबलमधल्या नीतिसूत्रांचे अध्याय ३१, म्हणून तारखेप्रमाणे रोज एक वाचते. २६व्या अध्यायाशी दर महिन्याला अडखळते. चौथं वचन म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि लगेच पाचवं म्हणतं दे. दोन्ही खरी. आज समोर आहे त्या माणसाशी कोणतं लागू, हे पुस्तक सांगत नाही. तेवढ्यासाठीच गुडघे टेकायचे.

माझ्या बाबतीत हे सगळं पणाला लागलं ते भावाशी पैशांवरून बिनसलं तेव्हा. रात्री त्याला लांबलचक मेसेज लिहिला. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पाठवण्याआधी याकोबाच्या पत्रातलं ३:१७ आठवलं: वरून येणारं ज्ञान आधी शुद्ध, मग शांतिप्रिय, सौम्य, समजूत होण्याजोगं, दयेनं भरलेलं, निःपक्षपाती, निर्दंभ असतं. एकेका शब्दाशी मेसेज ताडून पाहिला. ‘शुद्ध’वर कसाबसा निभावला, ‘शांतिप्रिय’वर आपटला आणि ‘निर्दंभ’पाशी तर मलाच लाज वाटली. सगळा पुसला. दुसऱ्या दिवशी तीन ओळी लिहिल्या, त्यातली एक माफीची. त्याचं उत्तर यायला दोन महिने लागले, आणि ते दोन महिने मला वाटत राहिलं की आधीचाच पाठवायला हवा होता.

मन काळवंडलेलं असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय फिरवू नये, असा जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा एक नियम आहे. या दोन महिन्यांत त्यानंच मला धरून ठेवलं.

आणि मागताना लाजू नका. देव दोष न लावता देतो, असं याकोब १:५ मध्ये आहे. म्हणजे ‘एवढंही कळत नाही का तुला?’ असं तो ऐकवत नाही. आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांपेक्षा हा मोठाच फरक.

नोकरीचं राहिलंच. वंशावळीनं काही सांगितलं नाही, तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या एका वयस्क बाईंकडे गेले. वाटलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील. त्यांनी आधी विचारलं, ‘बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब करतात, लूक १४. तू केलास का?’ नव्हता केला. त्यांच्याच टेबलावर कागद घेऊन मांडला. हातात शिल्लक इतकी कमी होती की सहा महिने तरी थांबणं भाग होतं. थांबले, आणि सातव्या महिन्यात राजीनामा दिला.