पांझरेचा पाट चौकटीत घेताना

प्रिय शिष्यास,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेली छायाचित्रे दोनदा पाहिली. लळिंगचा किल्ला, बलसाण्याची मंदिरे, थाळनेरच्या फारुकी सुलतानांच्या कबरी, सगळे नेटके उतरले आहे. पण एकाही चौकटीत शेत नाही, वाट नाही. थाळनेरच्या छायाचित्रात तर तापीसुद्धा नाही, आणि नदीकाठच वगळला तर फारुकींनी आपली पहिली राजधानी तिथे का केली, हे पाहणाऱ्यास कसे कळावे? नुसती वास्तू टिपायची, तर पोस्टकार्डे पुष्कळ मिळतात.

माझे ऐकशील, तर काही महिने किल्ले बाजूला ठेव आणि धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात पांझरा नदीच्या बंधाऱ्यांवर जा. तिथली फड पद्धत, म्हणजे गावाने मिळून शेताला पाणी देण्याची रीत, तीन-चारशे वर्षे जुनी मानतात. नदीत एकाखाली एक दगडी बंधारे आहेत आणि वरच्याचे सुटलेले, पाझरलेले पाणी खालचा अडवतो. तेथून पाट निघतो, भिजणाऱ्या थळाचे, म्हणजे त्या पाण्याखालच्या जमिनीचे, तीन-चार फड (भाग) पाडलेले असतात, एका फडात सगळे मिळून एकच पीक घेतात आणि पुढच्या वर्षी ते पालटतात. त्यामुळे उसाचा जो सलग हिरवा पट्टा तुला दिसेल, त्याची कड म्हणजे गावाने आपसांत पाळलेल्या करारामुळे उमटलेली रेषा आहे. ही रेषा उंचावरून घे. मग खाली उतर आणि पाटकऱ्याजवळ, म्हणजे पाटाचे पाणी शेतांना देणाऱ्या माणसाजवळ, उकिडवा बस. तो फावड्याने चिखलाचा एकच ढेकूळ ओढतो, चारीचे तोंड मोकळे होते, पाणी आधी भेगांत शिरते, बारीक बुडबुडे येतात आणि मगच वाफा काळा होऊ लागतो. एवढ्याशा हालचालीसाठी मी एकदा सबंध सकाळ घालवली होती, आणि ती वाया गेली असे मला आजही वाटत नाही.

काळ्या जमिनीपुढे कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो. तो दृश्य गडद समजून उजेड वाढवतो. माती राखाडी दिसते, आकाश पांढरे पडते. एक स्टॉप कमी ठेव, म्हणजे उजेड निम्मा घे. वैशाखात दुपारी तर कॅमेरा काढूच नकोस, कारण तापलेल्या जमिनीवरची हवा लांबच्या कडा थरथरवते. पाऊस उघडल्यानंतरची सकाळ उत्तम.

आता माझी चूक सांगतो. तरुणपणी मी बंधाऱ्यांच्या कित्येक निगेटिव्ह केल्या, पण गाव, दिवस, बंधाऱ्याचे नाव काहीच लिहिले नाही. आज त्या डब्यातील निम्मे बंधारे मला ओळखू येत नाहीत. उलट भुसावळला ज्यांची कबर आहे, त्या अजिंठ्याची चित्रे उतरवणाऱ्या रॉबर्ट गिल यांनी घेतलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांच्या वर्णनासह छापली गेली, म्हणून कोणते लेणे कोणते, हे आजही सांगता येते. नोंदवही जवळ ठेव, आणि शब्द अहिराणीत ऐकलास तर अहिराणीतच लिही. शुद्ध करण्याच्या नादी लागू नकोस.

पाटकऱ्याला विचारल्याशिवाय त्याचे छायाचित्र घेऊ नकोस, आणि घेतलेस तर छापील प्रत त्याच्या हाती नेऊन दे. त्याच वेळी त्याला प्रत्येक फडाचे यंदाचे पीक विचार आणि दुसऱ्या प्रतीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ती मला पाठव.

तुझा शुभचिंतक