झोपेत उघडा राहणारा डोळा

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीची डावी पापणी जन्मापासून पूर्ण खाली असल्याने महिन्यापूर्वी शस्त्रक्रिया करून ती सिलिकॉनच्या दोरीने भुवईकडे बांधण्यात आली. आता झोपेत तिचा डोळा फटीएवढा उघडा राहतो. शस्त्रक्रिया बिघडली असेल का?

उत्तर : बहुधा नाही. पापणी उचलणारा स्नायू अगदीच दुबळा, म्हणजे पापणी जेमतेम ४ मिलिमीटर हलवणारा असतो, तेव्हा पापणी कपाळाच्या स्नायूला टांगतात. टांगलेली पापणी पूर्ण मिटत नाही, आणि हे शल्यविशारदांनी आधीच सांगायला हवे होते. ही फट काही महिन्यांत कमी होते, तरी थोडी राहू शकते, आणि खाली पाहतानाही ती पापणी वरच अडकल्यासारखी दिसेल. खरी काळजी बुबुळ कोरडे पडून त्यावर जखम होण्याची असते. म्हणून दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि झोपताना मलम डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नियमित घाला, पंख्याचा झोत चेहऱ्यावर येऊ देऊ नका. डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला किंवा भुवईच्या टाक्यातून पू आला, तर त्याच दिवशी दाखवा. झाकल्या गेलेल्या डोळ्याची नजर मंद राहिलेली असू शकते. तसे असल्यास चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधण्याचा उपचार, मुलीने कितीही कुरकुर केली तरी, सोडू नका.