कपाळावरची राख पुसली म्हणजे येशूला नाकारलं का?

प्रश्न : ताई, मी नागपूरची, सदरकडे राहते, एका ऑफिसात अकाउंट्स पाहते. यंदा राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीचा उपासाचा काळ सुरू होतो तो दिवस, चर्चमध्ये कपाळाला राख लावतात) मी आणि मिस्टर सकाळच्या भक्तीला गेलो, तिथून त्यांनी मला ऑफिसला सोडलं. एलआयसी चौकाच्या सिग्नलला गाडीच्या आरशात माझं कपाळ दिसलं, काय वाटलं काय माहीत, मी रुमाल ओला केला अन् राख पुसून टाकली. त्यांनी पाहिलं. ते स्वतः दिवसभर तसेच फिरले, वरून सेल्फी काढून स्टेटसला टाकला. आता रोज ऐकवून राहिले की बायबलातलं मत्तय 10:33 वाच, जो मला माणसांसमोर नाकारतो त्याला मीही नाकारीन. दर रविवारी मेडिकल हॉस्पिटलसमोर पेशंटच्या नातेवाइकांना खिचडी वाटतात, चांगलंच आहे, पण पन्नास फोटो ग्रुपवर. मी म्हटलं मत्तय 6 वाचा, दान गुपचूप करा, तर म्हणतात 5:14 वाच, तुम्ही जगाचा प्रकाश आहात. कोण बरोबर जी?

उत्तर : दोघं एकाच पुस्तकाची पानं एकमेकांवर फेकून राहिले तुम्ही! पण गंमत पाहा, राखेच्या बुधवारी चर्चमध्ये जो शुभवर्तमानाचा भाग वाचतात तो मत्तय 6 चाच, म्हणजे उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका. हे ऐकायचं आणि लगेच पुढं जाऊन कपाळावर राख लावून घ्यायची. म्हणजे हा तिढा तुमच्या स्कूटरवर नाही सुरू झाला, वेदीपाशीच आहे.

आता राख म्हणजे काय? मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) झावळ्या जाळून केलेली. लावताना म्हणतात, तू माती आहेस आणि मातीला मिळशील. यात साक्ष देण्याचा शब्द कुठाय? हे तुम्हाला सांगितलंय, ऑफिसला नाही. इटलीत तर बऱ्याच ठिकाणी राख डोक्यावर भुरभुरवतात, बाहेर आल्यावर कोणाला दिसतही नाही, मग ते सगळे नाकारणारे झाले का?

नाकारणं म्हणजे येशूचा शिष्य पेत्र यानं केलं ते, येशूला पकडलं त्या रात्री. अंगणात शेकोटी, एक दासी तोंडावर विचारते की तूही त्याच्यासोबत होतास ना, आणि हा म्हणतो मी ओळखत नाही, असं तीनदा. तुम्हाला सिग्नलवर कोणी विचारलं होतं? पुढं पेत्राच्याच नावाच्या पत्रात (1 पेत्र 3:15) आहे की तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं. ज्यानं तोंड चुकवलं त्याच्याच नावावर हे यावं, मला ते वाक्य म्हणून फार आवडतं.

तरी एक विचारते, रागावू नका. राख पुसली ती मत्तय 6 आठवून, की ऑफिसातली माणसं काय म्हणतील म्हणून? तुम्हीच लिहिलंय, काय वाटलं काय माहीत. भीती असेल तर तिला नम्रता म्हणू नका, नुसती भीती म्हणा, ती काही पाप नाही.

मिस्टरांना 5:14 पाठ आहे, तर 5:16 पण वाचायला लावा. लोकांनी कामं पाहावी आणि स्वर्गातल्या बापाचा गौरव करावा, असं आहे तिथं, फोटो काढणाऱ्याचा नाही. आणि जाहीर कबुली म्हणायची तर कवी ना. वा. टिळकांची, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तर घर तुटलं, बायको लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. सेल्फीला काय पडतं हो, दहा एमबी डेटा.

पण खिचडी बंद करायला लावू नका, ते काम खरंच चांगलंय. फक्त ताट पसरलेल्या माणसाचा चेहरा फोटोत नको, ज्याचा पेशंट आत आहे त्याला आपण ग्रुपवर फिरून राहिलो हे माहीतही नसतं. एका रविवारी फोन घरी ठेवून तुम्ही दोघं जा, वाढायला दोन हात जास्त होतील.

आणि पुढच्या वर्षी टिफिनच्या वेळी कोणी विचारलं की कपाळाला काय लागलं, तर दोन वाक्यात सांगा अन् डबा उघडा. पुसायचीच असेल तर घरी जाऊन पुसा, सिग्नलवर नको, ती राख डोळ्यात गेली की फार चुरचुरते.